डोक्यातल्या उवा एकाकडून दुसऱ्याकडे कशा जातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आयांनी, वडिलांनी, शिक्षिकांनी, वसतिगृहात राहणाऱ्या मुलींनी पाठवलेले आहेत. बरेचसे दबक्या आवाजात विचारलेले असतात, "कोणाला कळायला नको, पण…" अशी सुरुवात करून. तेच तेच पुन्हा लिहावं लागू नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत आणि गरज असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलं आहे.

1. उवा एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात नेमक्या जातात तरी कशा?

चालत. ऊ तिळाएवढी असते, 2 ते 3 मिलिमीटर लांब. तिला सहा पाय असतात आणि प्रत्येक पायाच्या टोकाला आकड्यासारखी वाकडी नखी असते. त्या नखीत ती केस चिमटीत धरावा तसा धरते. एक केस सोडायचा, शेजारचा धरायचा, असं करत ती मिनिटाला 23 सेंटिमीटरपर्यंत अंतर कापू शकते. दोन डोकी एकमेकांना टेकली आणि केसांत केस मिसळले, की तिला ती दोन डोकी राहत नाहीत. सगळा एकच सलग रस्ता होतो.

मात्र ओझरता धक्का लागला आणि ऊ गेली, असं सहसा होत नाही. शेजारचा केस तिच्या आवाक्यात यावा लागतो, तिच्या केसाला साधारण समांतर असावा लागतो आणि हळू सरकत असावा लागतो. झटकन फटकारलेला केस तिला पकडता येत नाही. त्यामुळे गर्दीत, रांगेत किंवा प्रवासात कोणी शेजारी उभं राहिलं तर काळजीचं कारण नाही. डोक्याला डोकं लावून एका पुस्तकात बघणं, एका मोबाइलवर गेम खेळणं, फोटोसाठी गाल जुळवणं, कुशीत झोपणं, मैत्रिणीच्या खांद्यावर मान टाकून गप्पा मारणं, असे निवांत क्षण उवांच्या सोयीचे असतात. म्हणजे माया जिथे जास्त, तिथे उवा जास्त. लाज वाटण्याजोगं यात मला काहीच दिसत नाही.

2. उवा उडतात का? उड्या मारतात का?

दोन्ही नाही. त्यांना पंख नसतात आणि पिसवेसारखे उडी मारणारे मागचे पायही नसतात. सपाट जमिनीवर तर त्यांना धड चालताही येत नाही. विंचरताना ऊ "उडाली" असं वाटतं तेव्हा फणीच्या दातांनी किंवा कोरड्या केसांतल्या स्थिर विजेने ती फेकली गेलेली असते.

3. केस नीट न धुतल्यामुळेच उवा होतात ना?

नाही. हे उत्तर मी कितीही वेळा द्यायला तयार आहे. उवेला मळ नको असतो, रक्त हवं असतं. दिवसातून अनेकदा ती टाळूला सोंड लावून रक्त पिते आणि ते रक्त धुतलेल्या डोक्यातही असतं, न धुतलेल्यातही. रोज न्हाणाऱ्या मुलीलाही उवा होतात. साध्या शाम्पूने त्या मरत नाहीत. पाणी लागलं की श्वासाची छिद्रं मिटून केसाला घट्ट धरून बसतात.

या गैरसमजाने खरं नुकसान होतं. घाणेरडं म्हणतील या भीतीने आई मैत्रिणीच्या आईला सांगत नाही, मैत्रिणीचं डोकं तपासलं जात नाही, आणि पंधरा दिवसांनी त्याच उवा परत येतात (प्रश्न 12 आणि 16 पहा).

4. घामातून किंवा उष्णतेने उवा आपोआप तयार होतात असं ऐकलंय. नाहीतर पहिली ऊ आली कुठून?

आपोआप होत नाहीत. तुमच्या डोक्यातली प्रत्येक ऊ कुठल्या ना कुठल्या डोक्यातल्या उवेच्या पोटची आहे. ही साखळी फार जुनी आहे. इजिप्तच्या ममींच्या केसांत लिखा सापडल्या आहेत. इस्राएलमधल्या लाखीश इथे मिळालेल्या हस्तिदंती फणीवर केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या फणीने निघाव्यात, अशा अर्थाची ओळ कोरलेली आहे. ती फणी साधारण 3700 वर्षांपूर्वीची मानतात, आणि त्या भागातल्या प्राचीन कनानी लिपीतलं आतापर्यंत सापडलेलं सगळ्यात जुनं पूर्ण वाक्य ते हेच. वाचलं गेलं 2022 मध्ये. मला ही गोष्ट फार जवळची वाटते: त्या काळीही कुणीतरी कुणाचं तरी डोकं मांडीवर घेऊन बसलं असणार.

नव्या डोक्यात सुरुवात व्हायला नराशी जुगलेली एक मादी पुरते. ती जवळपास महिनाभर जगते आणि दिवसाला सहा ते आठ अंडी घालते.

5. लिखांमुळे उवा पसरतात का?

लीख चालू शकत नाही. मादी ती केसाला एका प्रकारच्या डिंकाने चिकटवते आणि तो डिंक इतका पक्का असतो की बोटाने झटकून लीख निघत नाही. झटकून पडली तर ती बहुधा लीख नव्हतीच, कोंडा होता. ज्या केसाला लीख चिकटली आहे तोच केस तुटून दुसऱ्याच्या डोक्यावर पडला, तरीही तिथे संसार उभा राहणं जवळपास अशक्य. अंडं उबायला टाळूलगतची ऊब लागते, म्हणून मादी अंडी टाळूपासून साधारण 6 मिलिमीटरच्या आत घालते.

यातून एक उपयोगी हिशेब निघतो. केस महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर वाढतो. टाळूपासून 3 सेंटिमीटरवर दिसणारी पांढरी लीख तीनेक महिन्यांपूर्वी घातलेली आहे आणि तिच्यातलं पिल्लू कधीच बाहेर पडलंय. ते रिकामं टरफल आहे. टाळूला लागून असलेली, तपकिरी झाक असलेली लीख मात्र जिवंत असू शकते.

6. कंगवा, टोपी, टॉवेल, हेल्मेट, हेडफोन यांतून उवा येतात का?

येऊ शकतात, पण लोक समजतात त्या मानाने अगदी क्वचित. निरोगी ऊ केस सोडून कापडावर किंवा प्लास्टिकवर जायला तयारच नसते. टाळूपासून दूर तिला ना ऊब, ना रक्त. टोपीत किंवा उशीवर सापडणारी ऊ बहुतेक वेळा म्हातारी, जखमी किंवा मरणपंथाला लागलेली असते.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे प्रत्यक्ष मोजलं. प्राथमिक शाळांच्या 118 वर्गांत मुलांच्या डोक्यांतून 14,033 उवा निघाल्या, वर्गांच्या गालिच्यांवर एकही नाही. शाळकरी मुलांच्या हजाराच्या आसपास टोप्या तपासल्या. त्यांतही एकही नाही. उवा असलेल्या 48 जणांच्या उशांचे अभ्रे रात्रीनंतर तपासले, तर दोनच अभ्र्यांवर जिवंत ऊ मिळाली.

या यादीत मी कंगवा आणि केसांचा ब्रश थोडा वेगळा काढते, कारण त्यात केसांसकट ऊ ओढली जाते आणि लगेच दुसऱ्याच्या डोक्यात पोचते. प्रत्येकाचा कंगवा वेगळा असणं बरं. उवा झालेल्या माणसाचा कंगवा किंवा फणी 54 अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवली की काम झालं. हेल्मेट आणि हेडफोनसाठी वेगळं काही करू नका.

7. डोक्यातून पडलेली ऊ किती वेळ जगते? सगळं घर धुवून काढायचं का?

रक्ताविना मोठी ऊ एक-दोन दिवसांत मरते, पिल्लू त्याहूनही आधी. डोक्यापासून वेगळ्या झालेल्या लिखांना ऊब न मिळाल्याने त्या फुटत नाहीत.

म्हणून सगळं घर धुवू नका. मागच्या दोन दिवसांत डोक्याला लागलेल्या वस्तूच बघा: अभ्रा, चादर, टॉवेल, टोपी, स्कार्फ. गरम पाण्यात धुता येतील त्या धुवा. धुता न येणारी मऊ खेळणी पिशवीत बंद करून दोन आठवडे बाजूला ठेवा. सोफा, गादी झाडली की पुरे. घरात कीटकनाशक मुळीच फवारू नका. त्याने उवा जात नाहीत आणि मुलांच्या छातीत विष मात्र जातं. जी ताकद पडदे धुण्यात घालवाल, ती फणी घेऊन केसांत घातली तर शंभरपट उपयोग होईल.

8. मुलीच्याच डोक्यात होतात, मुलाच्या नाही. असं का?

मुख्य कारण वागण्यातलं आहे. लहान मुली एकमेकींना बिलगून, डोकी जुळवून जास्त वेळ बसतात. सर्वाधिक लागण साधारण 3 ते 11 वर्षांच्या मुलांत दिसते आणि त्यात मुली जास्त असतात. पण मुलगे सुटलेले नाहीत. मुलाचं डोकं तपासलंच नाही, तर "त्याला नाहीत" हे कसं कळणार?

9. मग केस कापून टाकावेत का?

उवांपायी मुलीचे केस कापू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. उवेला टाळूलगतचे काही मिलिमीटर केस पुरतात, त्यामुळे खांद्यापर्यंतचे केस कापूनही तिचं काही बिघडत नाही. तुळतुळीत गोटा केला तर उवा जातील हे खरं, पण जी गोष्ट फणीने होते तिच्यासाठी मुलाला वर्गात मान खाली घालायला लावू नये. लांब केस घट्ट वेणीत किंवा अंबाड्यात बांधले की मोकळ्या बटा दुसऱ्याच्या केसांत कमी मिसळतात. एवढं पुरे आहे.

10. पोहण्याच्या तलावातून उवा लागतात का?

पाण्यातून नाही. पाण्यात ऊ केस सोडत नाही, उलट जास्त घट्ट धरते. तलावातल्या क्लोरीनने ती मरतही नाही; काही काळ निपचित पडते, बाहेर आल्यावर पुन्हा हलू लागते. काठावर बसून डोकी जुळवणं हे प्रश्न 1 मध्ये आलंच.

11. कुत्र्या-मांजरामुळे होतात का?

नाही. माणसाच्या डोक्यातली ऊ माणसाच्याच रक्तावर जगते. प्राण्यांच्या गोचिडी, पिसवा आणि उवा वेगळ्या. घरातल्या मांजराला औषध चोळू नका.

12. खाज येत नाही, म्हणजे उवा नाहीत ना? आणि लागण कधी झाली हे ओळखता येतं का?

ही सगळ्यात फसवी जागा आहे. खाज उवेच्या चालण्याने येत नाही, तिच्या लाळेची ॲलर्जी झाल्यावर येते. पहिल्यांदाच उवा झालेल्या माणसात ती ॲलर्जी तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. काहींना खाज येतच नाही. याआधी उवा होऊन गेल्या असतील तर मात्र एक-दोन दिवसांतच खाज सुटते.

याचा अर्थ असा की आज मुलगी डोकं खाजवू लागली, तर उवा कदाचित महिनाभर तिच्या डोक्यात आहेत. त्या महिन्यात ती ज्यांच्या कुशीत झोपली, ज्यांच्यासोबत एका बाकावर बसली, त्यांची डोकी तपासायला हवीत. "काल त्या मुलीशेजारी बसली होती, तिच्याकडूनच आल्या" असा आरोप बहुतेक वेळा चुकीचा असतो. कोणी कोणाला दिल्या हे शोधत बसू नका, सध्या कोणाकोणाच्या डोक्यात आहेत ते शोधा.

तपासायची पद्धत: केस ओले करून त्यांना भरपूर कंडिशनर लावा, म्हणजे उवांना पटकन पळता येत नाही. चांगल्या उजेडात एकेक बट घेऊन बारीक दातांची फणी टाळूपासून टोकापर्यंत ओढा आणि दरवेळी पांढऱ्या कागदावर किंवा रुमालावर पुसा. कानामागे आणि मानेवरच्या केसांत आधी बघा. कोरड्या केसांत नुसता भांग पाडून बघितलं तर उवा हमखास निसटतात, कारण बऱ्याचदा एका डोक्यात जिवंत उवा दहाच्या आतच असतात आणि उजेड पडला की त्या पळतात.

13. एकाला झाल्या की घरातल्या सगळ्यांना औषध लावायचं का?

तपासा सगळ्यांना, औषध लावा फक्त जिवंत उवा सापडलेल्यांना. त्या माणसासोबत एका अंथरुणात झोपणाऱ्यालाही त्याच दिवशी लावलं तर चालेल. "खबरदारी म्हणून" सगळ्यांना लावण्याने औषधाला न जुमानणाऱ्या उवा वाढतात. मोठ्यांनी स्वतःला वगळू नये. मुलांचं डोकं छातीशी धरणाऱ्या आईच्या केसांत उवा सापडणं अगदी नेहमीचं आहे, आणि तिचं डोकं तपासायला घरात बहुधा कोणीच नसतं. तिचं डोकं कोण बघणार हे आधी ठरवा.

14. तान्ह्या बाळाला होतात का?

केस असतील तर होतात, बहुधा आईकडून किंवा भावंडाकडून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला उवांचं कुठलंही औषध लावू नका. उवा आणि लिखा हाताने आणि फणीने काढा. त्याहून मोठ्या बाळासाठी डॉक्टरांना विचारून मगच औषध निवडा.

15. डोक्यातल्या उवांमुळे दुसरे रोग पसरतात का?

नाही. फार खाजवून जखम झाली तर तिच्यात पू होऊ शकतो, तेवढाच त्रास. भीती पसरली ती त्यांच्या चुलतबहिणींमुळे. अंगावरच्या उवा वेगळ्या. त्या कपड्यांच्या शिवणीत राहतात आणि टायफस ज्वर (हा टायफॉइड नव्हे) पसरवतात. फ्रेंच डॉक्टर शार्ल निकोल यांनी 1909 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या ट्यूनिस शहरात हे सिद्ध केलं आणि त्यासाठी त्यांना 1928 चं नोबेल मिळालं. अंगावरच्या उवा दिवसेंदिवस कपडे बदलायला न मिळणाऱ्या माणसांत वाढतात, म्हणून त्यांचा अस्वच्छतेशी खराच संबंध आहे. तोच डाग विनाकारण डोक्यातल्या उवांना चिकटला.

16. मुलीला शाळेत पाठवू का? शाळेला सांगू का?

पाठवा आणि सांगा. कळण्याआधी ती कित्येक आठवडे त्याच वर्गात बसत होती (प्रश्न 12), त्यामुळे आज दुपारी तिला घरी आणून काहीच वाचत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही मत असंच आहे की उवांपायी मुलाला शाळेबाहेर ठेवू नये, आणि "सगळ्या लिखा निघेपर्यंत येऊ नका" असा नियम तर नकोच. लिखा बहुधा रिकाम्याच असतात, हे प्रश्न 5 मध्ये आलं आहे. त्याच संध्याकाळी उपचार सुरू करा आणि दुसऱ्या दिवशी तिला शाळेत जाऊ द्या. उवा पूर्ण जाईपर्यंत डोक्याला डोकं लावू नकोस, एवढं तिला प्रेमाने समजवा.

शिक्षकांना एक विनंती. तपासणी करायची तर पालकांकडे सोपवा किंवा प्रत्येकाची आडोशाला करा. सगळ्यांसमोर उभं करून मुलीच्या वेण्या सोडल्या, तर ती मुलगी पुढच्या वेळी खाज लपवेल. लपवलेल्या उवा जास्त पसरतात.

शेजारच्या आईला काय लिहावं असं विचारता. इतकंच लिहा: "आज हिच्या डोक्यात उवा सापडल्या. दोघी एकत्र खेळतात, म्हणून तुम्हीही एकदा ओल्या केसांत फणी फिरवून बघाल का?"

17. पापण्यांत ऊ किंवा लिखा दिसल्या. डोक्यातूनच उतरल्या का?

बहुधा नाही. पापण्यांत सापडते ती सहसा जांघेतल्या केसांत राहणारी वेगळी, रुंद, खेकड्यासारखी ऊ. डोक्याचं औषध डोळ्यांजवळ अजिबात लावू नका, डॉक्टरांकडे जा. लहान मुलाच्या पापण्यांत ती दिसली, तर ती कोणा मोठ्या माणसाकडून आलेली असते. अंथरूण एक असण्याने तसं होऊ शकतं, पण मुलावर लैंगिक अत्याचार होत नाही ना, हेही डॉक्टरांना तपासावं लागतं. हा प्रश्न लाजून टाळू नका.

18. औषध लावलं, तरी पुन्हा उवा दिसल्या. औषध फसलं की पुन्हा कोणाकडून आल्या?

हे उवांच्या वयावरून बरंचसं ओळखता येतं. अंडं फुटायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात आणि पिल्लाची मोठी ऊ व्हायला आणखी 9 ते 12 दिवस.

औषध लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी मोठ्या उवा तुरुतुरु चालताना दिसल्या, तर त्या मेल्याच नव्हत्या. औषध कमी पडलं, पुरेसा वेळ ठेवलं नाही, किंवा उवाच त्याला सरावल्या आहेत. तेच औषध पुन्हा पुन्हा चोळू नका. डॉक्टर वेगळं देतील.

आठवड्याभराने फक्त बारीक, टाचणीच्या टोकाएवढी पिल्लं दिसली, तर ती उरलेल्या अंड्यांतली. पर्मेथ्रिनसारखी औषधं अंडी नीट मारत नाहीत, म्हणूनच सात ते दहा दिवसांनी दुसरा हात द्यायचा असतो. तो बहुतेक जण विसरतात, कारण तोवर खाज कमी झालेली असते.

आणि तीनचार वेळा फणी स्वच्छ निघाली, मग अचानक एक मोठी, पूर्ण वाढलेली ऊ सापडली, तर ती पाहुणी. ती चारपाच दिवसांत अंड्यातून एवढी होऊ शकत नाही. कोणाच्या तरी केसांवरून चालत आली आहे. अशा वेळी ज्या घरी मुलगी जास्त जाते त्या घरी बोला आणि दोन्ही घरांत उपचार एकाच दिवशी करा. त्यानंतर दोन-तीन आठवडे, दर दोन-तीन दिवसांनी ओल्या केसांत फणी फिरवा आणि शेवटची ऊ सापडल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.